खिल्लारे मॅडमचा भाडेकरू

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी गंगाखेडच्या ॲडव्होकेट यशोधरा खिल्लारे यांचं नाव घेतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. ताडकळसजवळच्या एका खेड्यातून मी आलो. सनद हातात पडली तेव्हा वकिलाला काळा कोट लागतो, एवढंच मला ठाऊक होतं. कोर्टात कुठं उभं राहायचं, बोलताना कागदाकडे बघायचं की साहेबांकडे, पक्षकार रडायला लागला तर काय करायचं, हे सगळं मला मॅडमनी शिकवलं. त्यांच्याविषयी लिहायचं तर त्यांच्या भाडेकरूविषयी, मुंजाजी कूलरवाल्याविषयी लिहावंच लागेल. आणि मुंजाजीविषयी खरं लिहायचं तर मला स्वतःविषयी थोडं वाईट लिहावं लागेल.

मॅडम तेव्हा साठीच्या आत-बाहेर होत्या. अंगानं बारीक, आवाज मोठा. सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. सुरुवातीला बाररूममध्ये त्या बुटांवरून हसत, पुढं कोणी हसेना. चष्म्याला फायलीची लाल फीत बांधून तो गळ्यात अडकवलेला. कच्चं टिपण नेहमी जुन्या पाठकोऱ्या कागदांवर. कोणाचंही बोलून झालं की त्या एकच शब्द बोलत, "पुढं?" त्या एका शब्दानं भलेभले गडबडत. ठरवून आलेलं बोलून झालेलं असायचं, आणि खरं काय ते त्यानंतर बाहेर यायचं.

त्यांच्याकडे येणारे बहुतेक घरमालक. भाडेकरू काढायचा म्हटलं की गंगाखेड, पाथरी, सोनपेठपर्यंतचे लोक त्यांच्याकडे येत. मी रुजू झालो त्याच दिवशी पाथरीचा एक कापडवाला आला होता. बाजारातल्या त्याच्या गाळ्यात एक टेलर तीस वर्षांपासून बसलेला.

"मॅडम, तुमी फक्त हो म्हणा. माणसं हायेत माझ्याकडं. एका दुपारात मशिनी रोडवर अन् शटरला माझं कुलूप."

"पुढं?"

"पुढं काय? झालं की मोकळं."

"पुढं तो टेलर माझ्यासारख्याच कोणा वकिलाकडं जाईल," मॅडम म्हणाल्या. "कोर्ट त्याला परत आत बसवील, आणि तुम्ही त्याला बाहेर काढायला जन्मभर खेटे घालाल. कुलूप लावायचं नाही. पाणी तोडायचं नाही. लाईट तोडायची नाही. हे तीन सोडून काय करता येतं ते विचारा."

मग त्यांनी त्याला बोटांवर सांगितलं. करार लेखी आहे का ते आधी बघा. मुदतीचा परवाना-करार असेल आणि मुदत संपली असेल, तर सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करा, तो रस्ता जवळचा. जुना भाडेकरू असेल तर दावाच लावावा लागतो, आणि दाव्याला कायद्यात बसणारं कारण लागतं. त्यानं जागा दुसऱ्याला दिली का? तुमच्या लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं का? शेजाऱ्यांना उपद्रव देतो का? सहा महिने विनाकारण बंद ठेवली का? यातलं काही नसेल तर तुम्हाला स्वतःला त्या जागेची खरी गरज आहे का? आणि ती असली तरी कोर्ट शेवटी एक तराजू काढतं: जागा मिळाली नाही तर मालकाची अडचण मोठी, की काढलं तर भाडेकरूची?

कापडवाला गेल्यावर मी धीर करून विचारलं, "मॅडम, तुम्ही मालकांच्याच बाजूनं का लढता?"

"मी या गावात आले तेव्हा खोली द्यायच्या आधी लोक आडनाव विचारायचे," त्या म्हणाल्या. "आडनाव ऐकलं की खोली कालच गेलेली असायची. एकानं दिली. त्याच्या भावकीनं टोचलं तसं त्यानं माझा नळ बंद केला. वकील होते तरी मी तीन दिवस शेजारून पाणी आणलं. तेव्हापासून ठरवलंय. मालक माझ्याकडं आला म्हणजे निदान गुंडाकडं तरी गेला नाही."

अशा बाईच्या स्वतःच्या घरात खाली मुंजाजी राहत होता.

घर दोन मजली. वर मॅडमचं राहणं आणि ऑफिस. खालची रस्त्याकडची मोठी खोली मुंजाजीकडे होती, त्यात तो, त्याची म्हातारी आई आणि कूलरांचे सांगाडे. गंगाखेडच्या उन्हाळ्यात कूलर दुरुस्त करणाऱ्याला जेवायला फुरसत नसते. सकाळी आठपासून पत्रा ठोकायचा आवाज. जिन्याच्या कठड्यावर कूलरच्या जाळीचं ओलं गवत वाळत घातलेलं, त्याचा वास पक्षकारांच्या कपड्यांना लागायचा. दारात कोणाच्या ना कोणाच्या मोटारसायकली आडव्या. त्यात एके दिवशी न विचारता त्यानं अंगणात लोखंडी अँगल रोवून पत्र्याचं शेड टाकलं.

मॅडम खिडकीतून ओरडल्या, "मुंजाजी, लेखी परवानगी कुठंय?"

खालून उत्तर आलं, "बाई, चार बोल्ट काढले की निघतंय. पक्कं बांधकाम कुटं हाय ह्ये? तुमीच परवा त्या सोनपेठच्या मालकाला सांगायलता ना?"

मॅडम खिडकी सोडून आत आल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मी तिथंच टेबलावर नकला तपासत होतो. माझ्या कुठल्या बोलण्यावर त्या अशा हसल्याचं मला आठवत नव्हतं.

मुंजाजी सातवी शिकलेला. पण मॅडमच्या ऑफिसची खिडकी बरोबर त्याच्या दारावर उघडायची आणि मॅडमचा आवाज मोठा, त्यामुळं वीस वर्षांचा भाडेकायदा त्याच्या कानांवरून गेलेला होता. मॅडमची एक सवय होती. दाव्याचा मसुदा टाईप व्हायच्या आधी त्या खिडकीत उभं राहून तो मोठ्यानं वाचायच्या. मला वाटायचं, स्वतःसाठी वाचतात. आठवडाभरात कळलं की त्या मुंजाजीला ऐकवतात.

माझा पहिला स्वतंत्र मसुदा मला पाठ आहे. मालकाला जागा मुलासाठी हवी, मुलाला दुकान टाकायचंय, असा दावा. चार रात्री घालवून मी तो लिहिला होता. मॅडमनी खिडकीत वाचला. खालचं ठोकणं थांबलं.

"पोरगं काय करतंय आता?" मुंजाजी.

"पुण्यात कंपनीत आहे," मॅडम.

"मंग ते कंपनी सोडून गंगाखेडात दुकानावर बसायलंय, ह्ये कोण मानंल? राजीनामा दिलाय का? दुकान कशाचं, कुठं काय शिकलंय, काय लिवलंय का त्यात?"

मॅडमनी माझ्याकडे वळून पाहिलं. "लिहून घे, बालाजी. समोरचा वकील हेच विचारणार."

मी लिहून घेतलं. पाच वर्षं कायदा शिकलो मी, आणि माझा मसुदा तपासतो कोण, तर हातात हातोडा घेतलेला माणूस! मॅडम मला "ठीक आहे" म्हणायच्या, फार तर "बरं लिहिलंस". मुंजाजीशी मात्र त्या तासभर भांडायच्या. त्या भांडणात जी मजा होती, ती माझ्या वाट्याला कधी आली नाही. मी त्यांच्या फायली उचलत होतो, तारखा लिहीत होतो, त्यांच्यासाठी औषधं आणत होतो. माझ्या वडिलांना मी खताच्या दुकानात बसावं असं वाटत होतं, तेव्हा याच बाईनं त्यांना फोन करून सांगितलं होतं, "दोन वर्षं मला द्या त्याला." मला वाटे, मी त्यांचा निवडलेला माणूस आहे. मग हा कोण?

त्यांचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा मला रस्ता सापडला. डॉक्टरांनी जिना कमी करा म्हणून सांगितलं होतं. म्हणजे ऑफिस खाली हवं, आणि खालची खोली मुंजाजीकडे. खरी, वाजवी, स्वतःची गरज! त्यात शेड, वाटेतलं गवत, आवाजाचा उपद्रव. असा सरळ दावा आमच्याकडे कधी आला नव्हता. मी न सांगता नोटीस तयार केली आणि त्यांच्यासमोर ठेवली. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं लिखाण होतं ते.

त्यांनी पूर्ण वाचली. एक स्वल्पविरामही बदलला नाही.

"चांगली आहे," त्या म्हणाल्या. "तराजूचं काय?"

"तुमचे गुडघे, मॅडम."

"मला कठडा आहे. त्याची आई पंचाहत्तरीची, तिला दिसत नाही. ती त्या खोलीत हातानं चाचपून चहा करते. दुसऱ्या घरात ती स्टोव्ह कुठं शोधील?" मग म्हणाल्या, "आणि कोर्टात मला सगळे मॅडम म्हणतात, बालाजी. तुमचं चुकलं असं मला म्हणणारा हा एकच उरलाय."

मला म्हणायचं होतं, मी म्हणतो ना, मला विचारा. पण मी त्यांना कधी चुकलं म्हणालोच नव्हतो. ती नोटीस त्यांनी पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात टाकली.

एप्रिल महिन्यात त्या हायकोर्टाच्या कामासाठी दोन दिवस संभाजीनगरला निघाल्या. जाताना शेडवरून मुंजाजीशी चांगलंच वाजलं. रिक्षात बसता बसता त्या ओरडल्या, "आल्यावर काढतेच बघ तुला!"

"काढा की! तारीख पडू द्या!" तो हसत म्हणाला.

मॅडमही हसत होत्या. रिक्षा वळेपर्यंत दोघं हसत होते. मी जिन्यात उभा होतो. निघताना मला त्या काही बोलल्याच नव्हत्या.

मीटरची पेटी जिन्याखाली होती आणि तिची किल्ली माझ्याकडे असायची. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी खालच्या खोलीचा फ्यूज काढला, खिशात टाकला आणि पेटीला कुलूप लावलं. हे मी का केलं, असं मला कोर्टात कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मॅडमचं भलं व्हावं म्हणून. इथं सांगतो, तो गप्प बसावा म्हणून केलं.

दुपारी मुंजाजी वर आला. "वकीलसाहेब, सगळ्या गल्लीत लाईट हाय, मलाच कामून न्हाई?"

"मला माहीत नाही. मॅडमना विचारा."

मॅडमचा फोन कोर्टात बंद. संध्याकाळीही लागला नाही. मुंजाजीनं कुलूपबंद पेटीकडे बघितलं आणि जाताना मॅडम काय म्हणाल्या होत्या ते त्याला आठवलं असणार. तो खाली गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या आईला उन्हाची भोवळ आली. कूलर दुरुस्त करणाऱ्याच्या घरात, दहा कूलर भोवती असताना. रिक्षात घालून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. मी वरून पाहत होतो. फ्यूज तेव्हाही माझ्या खिशात होता. खाली जाऊन बसवायला एक मिनिट लागलं असतं. पण बसवला तर काढला कोणी हे कळलं असतं.

म्हातारी वाचली, चार दिवसांनी घरी आली. तोवर मुंजाजीनं मोफत कायदेशीर मदतीचा वकील घेऊन कोर्टात अर्ज केला होता: घरमालकिणीनं वीज तोडली. अर्जातली भाषा मला ओळखीची वाटली. ती मॅडमचीच होती, वीस वर्षांत खिडकीतून पडलेली.

मॅडम परत आल्या. पेटीसमोर उभ्या राहिल्या. हात पुढे केला. मी त्यावर किल्ली ठेवली आणि फ्यूजही ठेवला. त्यांनी स्वतः तो बसवला. मग वर येऊन, गुडघा चोळत, मला म्हणाल्या, "अर्जावर माझं म्हणणं लिही."

मी लिहिलं: अर्जातील मजकूर खोटा असून नाकबूल आहे. त्यांनी त्यावर आडवी रेघ मारली.

"खरं लिही."

"नाव कोणाचं लिहू?"

"घर कोणाचं आहे?"

मी मॅडमच्या नावानं लिहिलं की वीज बंद होती हे खरं आहे, याची जबाबदारी माझी आहे, ती पूर्ववत केली आहे आणि पुन्हा असं होणार नाही. मॅडमनी सही केली. कोर्टानं तसा हुकूम केला आणि चार शब्द सुनावले. ज्या कोर्टात कोणी त्यांना मोठ्यानं बोलत नसे, तिथं त्यांनी ते मान खाली घालून ऐकले. बाहेर व्हरांड्यात पाथरीचा तो कापडवाला भेटला. "मॅडम, आमाला कुलूप लावू देत न्हाईत, अन् तुमी खुद्द? वा!" त्यानं त्याच आठवड्यात आपली फाईल नेली. आणखी दोघा-तिघांनी नेली.

मला त्या रागावल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "मुंजाजीला तू सांगशील, की मी सांगू?"

"मी सांगतो, मॅडम."

मी सांगितलं नाही. त्यांनी परत विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. दुसऱ्यानं दिलेला शब्द त्याच्या वतीनं पुरा करायची त्यांची रीत नव्हती.

खालचा आवाज मात्र थांबला. मॅडम मसुदा वाचत तेव्हा मुंजाजी दार लोटून घेई. जे मला हवं होतं ते झालं होतं. मॅडम आता मला विचारत, "काय वाटतं, बालाजी?" मी सांगे. त्या ऐकत, पण उभ्या राहत खिडकीकडे तोंड करूनच. दीड महिन्यानं कसल्याशा दाव्यात त्या वाचत होत्या आणि खालून, न राहवून आल्यासारखा, आवाज आला, "बाई, सहा मह्यने बंद म्हंता, पण त्यो माणूस दवाखान्यात व्हता की! ह्ये कारण न्हाई व्हय?"

मॅडमचा कागदावरचा हात थांबला. "आहे की," त्या म्हणाल्या, आणि लगेच ते कागदाच्या कडेला लिहून घेतलं. ज्या बाईनं आपला अपराध केला असं मुंजाजीला वाटत होतं, तिच्याशीच तो आपणहून परत बोलत होता. मला ते बघवलं नाही. त्या पावसाळ्यात परभणीला स्वतःचं ऑफिस टाकतो म्हणून मी निघालो. मॅडमनी मला त्यांची भाडेकायद्याची स्वतःच्या टिपणांची वही दिली. माझ्या ऑफिसात जे काही चालतं ते त्या वहीवर चालतं.

त्याला बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात एका दाव्यासाठी गंगाखेडला गेलो. कोर्ट सुटल्यावर मॅडम पायऱ्या उतरताना दिसल्या, एक पाय टेकवून मग दुसरा. बूट तेच, पांढरे. फाटकाशी मुंजाजी स्कूटर घेऊन उभा. त्यानं त्यांची पिशवी घेतली, पुढं अडकवली. शेडवरून भांडण चालूच होतं.

"अहो वकीलसाहेब! वळखलं का?" त्यानं मला हाक मारली. "परभणीत लय नाव हाय म्हंत्यात तुमचं."

मी त्याच्या आईची चौकशी केली.

"गेली की दोन वरसं झाली. वय झालतं." मग मॅडमकडे मान करून, अगदी सहज, हसून म्हणाला, "ह्या बाईनं एकदा लाईट तोडलती, आठवतंय ना तुमाला? म्हातारी जाईस्तोवर म्हनायची, वकीलीन चांगली हाय, पण त्येवढं वंगाळ केलं. मी म्हणलं, जाऊ दे आये, माणूस चुकतंय. मी तर कवाच सोडून दिलं."

मॅडमनी चष्मा डोळ्यांना लावला आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. साक्षीदार बोलायचा थांबला की त्या त्याच्याकडे जशा पाहत, तशा. मी घड्याळ बघितलं आणि बस निघेल म्हणालो. त्या स्कूटरवर मागं बसल्या, एक हात मुंजाजीच्या खांद्यावर ठेवून. गर्दीत त्यांचे पांढरे बूट बराच वेळ दिसत राहिले.

बसमध्ये मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण खरं सांगायचं तर आधी पुन्हा तोच हेवा वाटला. त्यांनी न केलेला अपराध त्यानं त्यांना माफ केला होता, आणि त्यांनी ती माफी इतकी वर्षं मुकाट्यानं घेतली होती. माझा अपराध मात्र कोणी माफ करू शकत नव्हतं, कारण ज्यानं तो माफ करायचा त्याला तो ठाऊकच नव्हता. घरी आल्यावर मी हे पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकलं.

*आदरणीय मॅडम,*

*सप्रेम नमस्कार.*

*"मी सांगतो" असं मी तुम्हाला म्हणालो होतो. सांगितलं नाही. तुम्ही ते माझ्यावर सोडलंत, आणि मी सोयीनं समजलो की तुम्ही ते विसरलात. म्हातारीच्या मनात शेवटपर्यंत तुमच्याविषयी किंतु राहिला. तो आता मला काढता येणार नाही. कोर्टात तुम्ही मान खाली घातलीत, तीही परत वर करता येणार नाही.*

*मी तुमच्या गुडघ्यांसाठी काही केलं नव्हतं. मला मुंजाजींचा हेवा वाटत होता. तुम्ही त्यांच्याशी भांडता तसं माझ्याशी भांडावं, असं मला वाटायचं. आज माझ्याकडे दोन ज्युनिअर आहेत. दोघंही माझ्या प्रत्येक बोलण्याला हो म्हणतात. त्यांच्याकडे बघून मला कळलं की तुम्हाला माझा किती कंटाळा आला असेल.*

*येत्या रविवारी सकाळी दहाच्या गाडीनं मी येतोय. वर येणार नाही, सरळ खालच्या खोलीत जाणार आहे. मुंजाजींना सगळं माझ्या तोंडानं सांगणार आहे. तुम्ही त्यांना आधी काही सांगू नका, आणि खिडकीतून माझी बाजूही घेऊ नका.*

*सांगून झाल्यावर त्यांनी मला हाताला धरून घराबाहेर काढलं, तर "घर माझं आहे" असं तुम्ही त्यांना म्हणू नका. त्या खोलीतून मला काढायला त्यांना नोटीस लागत नाही.*

*आपला,*
*बालाजी*